व्याह्यांची गाडी

"तुमची जर्मन गाडी म्हणजे नाजूक बाहुली. जरा खरचटलं की महिनाभर गॅरेजात!" मुलाचे वडील म्हणाले.

"आणि तुमची अमेरिकन? पलंगाला नुसती चाकं लावलीत!" सुलभाबाईंच्या यजमानांनी सुनावलं.

मुलगी पसंत होती, सुपारी फुटायचीच बाकी होती. पण पोहे तसेच टाकून दोघे तणतणत अंगणात गेले. सुलभाबाई पोह्यांच्या बशा उचलू लागल्या. या मेल्या गाड्यांपायी लेकीचं लग्न मोडणार!

हॉर्न वाजला तशा त्या खिडकीशी धावल्या. लेकीलाही कधी न दिलेली किल्ली यजमानांनी पाहुण्यांना दिली होती. पाहुणे जर्मन स्टिअरिंग कुरवाळत होते, यजमान त्या 'पलंगावर' ऐसपैस बसले होते. सुलभाबाईंचा जीव भांड्यात पडला.

"अगं, चहा ठेव," यजमान ओरडले, "व्याह्यांच्या गाडीतून पेढे घेऊन येतो!"