तिसरा कुणाचा

चेंडू उजवीकडे उंच उडाला आणि ती त्याच्यामागे मैदानात धावली. सॉफ्टबॉलमध्ये झेल झाला की नाही, ते बेसवरच्या पंचाने बघायचं असतं, आणि बेसवरची पंच ती होती. चेंडू हातमोज्याला लागून गवतात पडला. तिने खूण केली, झेल नाही. मग वळली.

पहिल्या बेसवरची धावपटू दुसरा ओलांडून तिसऱ्याकडे सुटली होती. तरी तिने स्वतः घाई केली नाही. ती चेंडूमागे बाहेर गेली की तिसरा बेस वडिलांचा, होमवरच्या पंचाचा. तोंडावरची जाळी कपाळावर सारून ते होमवरून तिरके निघायचे, दुखरा गुडघा सांभाळत, आणि ती वळेपर्यंत पोचलेले असायचे. नऊ वर्षांत कधी हाक मारावी लागली नव्हती.

फेक आली. धावपटू घसरत गेली. धूळ उठली, बसली. तिसऱ्या बेसपाशी पंच नव्हता.

नवा पंच होमवरच उभा होता. तो लगबगीने तिच्याकडे आला.

"ताई, तिसरा तुमचा होता. सकाळी ठरलं ना आपलं? हो म्हणालात तुम्ही."

म्हणाली असेल. वडील गेल्यापासून तीन आठवडे ती सगळ्यालाच हो म्हणत होती. जेवलीस? हो. इथे सही कर. हो. झोप लागते ना? हो.

दोन्हीकडचे प्रशिक्षक आत आले होते. आऊट असेल तर सामना इथेच संपत होता.

"सेफ का आऊट, बोला की मॅडम! का घरी विचारून येताय?" एक प्रशिक्षक ओरडला.

कुणीतरी हसलं. ती चालत तिसऱ्या बेसपर्यंत गेली. मातीत घसरल्याची लांब रेघ होती. तिच्यावरून काही कळत नव्हतं.

"मी पाहिलं नाही," ती म्हणाली.

पंचाने असं कधी म्हणायचं नसतं. तिने दोन्ही हात आडवे पसरले. सेफ.

तिसरा बेस राखणारी मुलगी अजून हातमोजा वर धरून उभी होती. आत चेंडू होता.

"मॅडम, मी लावला होता तिच्या पायाला. बेसच्या आधी. आईशप्पथ."

"लावला असशील गं," ती म्हणाली. "बघायला इथे कुणी नव्हतं."