खरं मुखपृष्ठ

राहू गावच्या जत्रेतली शेवटची कुस्ती रांजणगावच्या हनुमंतानं मारली. आमच्या कुस्ती मासिकाच्या मुखपृष्ठावर त्याचाच फोटो ठरला, पण अंक छापून यायला पंधरवडा लागणार होता. तेवढ्यात हरलेल्या पैलवानानं वरवंडच्या स्टुडिओत आमच्या मासिकाच्या नावाखाली स्वतःचा फोटो लावून मुखपृष्ठ बनवून घेतलं आणि ऑर्कुटवर टाकून मोकळा झाला. रांजणगावच्या पोरांनी नेट कॅफेत बसून ते बघितलंसुद्धा.

मी तडक वरवंड गाठून स्टुडिओवाल्याला धरलं. तो शांतपणे म्हणाला, "आप्पा, तुमच्या मासिकाचं नाव असल्याबिगर लोकांना खरं वाटत न्हाई." भांडायला गेलो होतो, त्याचा चहा पिऊन परत आलो.

अंक आल्या आल्या पहिली प्रत मी स्वतः हनुमंताच्या घरी नेऊन दिली. दुसऱ्या दिवशी तो शिरूरला आमच्या ऑफिसात आला आणि अंक माझ्या टेबलावर ठेवला.



"आप्पा, ह्यो परत घ्या. गावात समदी हसत्यात मला. म्हणत्यात, कुस्ती हरला आन् स्टुडिओतनं खोटं मासिक करून आणलं."