बाहेरून कडी

या, अगदी जवळ बसा. एक गोड गोष्ट सांगतो. लग्नानंतर हॉटेलचं भाडं वाचावं म्हणून मी झुवैनाला घेऊन मस्कतहून झांझिबारला, रय्या आजीच्या घरी उतरलो. पण नवरी बघायला सगळी गल्ली लोटली! कुणी पुलाव आणला, कुणी हलवा. उठायचं नाव नाही.

झुवैना कुजबुजली, "पैसे वाचले रे, पण तू कुठे वाट्याला आलास?"

आजीनं ऐकलं असावं. दुसऱ्या दिवशी आम्हाला आत ठेवून तिनं बाहेरून कडी घातली आणि माळ घेऊन ओट्यावर बसली. येईल त्याला सांगायची, "पोरं समुद्रावर गेलीत!" आणि लगेच पुटपुटायची, "अल्ला, माफ कर."

आजी जन्मात कधी खोटं बोलली नव्हती हो. दुआला हात उचलाल, तेव्हा तिला आठवा.