सोमवारचा भोंगा

पांझरेचं पाणी वाढलं, की वरच्या पुलाखालचं यंत्र ते धुळ्याच्या कार्यालयात कळवी. मग तिथे बसलेला समाधान कळ दाबे आणि त्याच्याच गावातला भोंगा वाजे. भोंगा धड आहे ना, हे पाहायला आठवड्यातून एकदा तो उगाच वाजवून बघावा लागे. त्याचा वार मात्र समाधानच्या आईने, कमलबाईने, ठरवून दिला होता.

"सोमवारलेच वाजाड, बेटा, दिन मावळता. तुना भोंगा वाजना का आम्ही बठ्ठ्या बाया नदीमा दिवा सोडसूत, नि मंग उपास सोडसूत."

"माय, तो पुरना भोंगा शे, तुना महादेवना शंख नही," समाधान हसला होता. पण आईचा शब्द मोडवेना. वार सोमवारच ठेवला.

श्रावणातल्या एका सोमवारी गावात लख्ख ऊन पडलं होतं आणि तिकडे वर, साक्रीच्या अंगाला, आभाळ फाटलं. भर दुपारी पडद्यावरचा आकडा लाल झाला. समाधानने लगोलग कळ दाबली. गाव वेळेत सावध झालं म्हणून देवाला हात जोडले आणि घरी बायकोला फोन लावला.

"माय कोठे शे?"

 

 

"त्या तं कव्हयच दिवा लिसनी नदीवर गयात, बठ्ठ्या बायास्ना संगे," दिपमाला कौतुकाने म्हणाली. "सांगत होत्यात, मना पोर्‍याले दया उनी, आज भोंगा लवकर वाजाडा."