अकराची गाडी

“काका, हा पास या गाडीत चालत नाही.”

तिकिटं तपासणाऱ्या मुलीच्या कोटावर ‘पूर्वी’ असं नाव होतं. कुंडलिकने पासाचा कागद आणखी पुढे धरला. “नीट बघ ना बाळा. रेल्वेचा आहे. तेहतीस वर्षं गँगमन होतो मी, ह्याच रुळांवर.”

“गाडी आता कंपनीची झालीय काका. रेल्वेचे पास बंद झाले हिच्यात.”

“अकराची नवापूरचीच ना ही?”

“वेळ तीच आहे.”

“मग तिकिटं दे दोन,” त्याची बायको लता म्हणाली.

“सगळ्या सीट भरल्यात, मावशी.”

“दाराशी उभी राहते. माझी आई गेली गं पहाटे. ऊन फार आहे, पाचच्या पुढे ठेवणार नाहीत.”

पूर्वीने मान खाली घातली. “उभं राहू देत नाहीत. माझी नोकरी जाईल मावशी.” मग तिनेच त्यांची पिशवी उचलली आणि बोरिवलीच्या फलाटावर अलगद ठेवली. ती दोघं उतरली. दार आपोआप मिटलं.

सकाळी पुतण्या, मिथुन, जीप घेऊन दारात उभा होता. कुंडलिकनेच त्याला परत पाठवलं होतं. “रेल्वेचा माणूस जीपने जातो होय रे? आपली अकराची गाडी आहे. चारला दारात.” आता मिथुन भाडं घेऊन अलिबागला गेला होता. पुढची सरकारी गाडी रात्रीची होती.

लताने भावाला फोन लावला. “दादा, थांबू नका माझ्यासाठी.” थोडा वेळ ती नुसतीच ऐकत राहिली. “मी बघावं म्हणून तोंड उघडं ठेवलंय ना तिचं? झाका आता.”

गाडी हलली. कुंडलिक फलाटाच्या कडेपासून दोन पावलं मागे सरला आणि ताठ उभा राहिला. नजर चाकांवर. काही लोंबत नाही ना, कुठे धूर नाही ना, एकेक डबा तो बघत गेला. शेवटचा डबा आला तसा त्याने हात वर केला. सगळं ठीक आहे, अशी ती खूण. तेहतीस वर्षं त्या डब्यातून गार्ड हिरवं निशाण हलवून उत्तर द्यायचा.

डब्याला काळी काच होती. गाडी वळणाआड गेली, तरी त्याचा हात वरच होता.

“नीट होती गाडी?” लताने मागून विचारलं.

“एकदम नीट,” तो म्हणाला, आणि पिशवीशेजारी खालीच बसला.