दोन रंगांचं हँडबिल

"हे एक नाई देत मी," रुखमाबाई म्हणाल्या आणि हातातला कागद त्यांनी पुन्हा मांडीवर ठेवला.

अश्वजितचा हात तसाच पुढे राहिला. तो सकाळच्या बसनं यवतमाळहून बोरी अरबला आला होता. नोकरी विमा कंपनीत, आणि नाद गावोगावच्या जुन्या नाटकांची हँडबिलं जमवण्याचा. रुखमाबाईंचे पती नागोराव तरुणपणी बौद्धपुऱ्यातल्या पोरांना घेऊन नाटकं बसवत. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांची पत्र्याची पेटी तेवढी घरात राहिली होती, आणि ती सून प्रियंकाच्या येता-जाता पायाला लागत होती. तिनंच फोन करून अश्वजितला बोलावलं होतं. वाळवीनं खाण्यापेक्षा कोणाच्या तरी कामी येईल, असं तिचं म्हणणं.

बाकीचे कागद रुखमाबाईंनी खुशीनं दिले होते. गुलाबी, पिवळे, फिकट हिरवे. सगळे पातळ पतंगी कागद, सगळ्यांवर एकच निळी शाई. असा कागद स्वस्त पडे. बाजाराच्या दिवशी वाटायचा आणि दुसऱ्या दिवशी त्यात कोणीतरी फुटाणे बांधून द्यायचा. म्हणूनच तो आता कुठं सापडत नाही, असं अश्वजित सांगत होता. एकेक हँडबिल तो भिंगाखाली धरून पाही आणि प्लास्टिकच्या पाकिटात सरकवी.

मांडीवरचा कागद मात्र वेगळा होता. पांढरा, जाड, गुळगुळीत. नाटकाचं नाव लाल, खालचा मजकूर निळा.

"दोन रंग म्हणजे तोच कागद मशीनमधून दोनदा काढायचा," अश्वजित प्रियंकाला म्हणाला. "खर्च दुप्पट. गावच्या मंडळानं असं छापलेलं मी आजवर पाहिलं नाही."

प्रियंका चहाचे कप ठेवून वाकली. 'अंगठा नव्हे, सही' असं नाव होतं. त्याखाली जाड अक्षरात : 'स्त्री पार्ट – सौ. रुखमाबाई'.

"आई, हे तुम्ही?"

"मीच." रुखमाबाईंनी कागदावरून हात फिरवला. "तोपर्यंत बाईचा पार्ट माणसंच करत, लुगडं नेसून. पयल्यांदा खरी बाई उभी राहणार होती. म्हणून तुया सासऱ्यानं अमरावतीले जाऊन दोन रंगात छापून आणलं."

"मग? कसं झालं नाटक?"

"झालंच नाई. तोंडाले रंग लावून मी पडद्यामागं उभी, अन् गारपीट सुरू झाली. मंडप उडाला, पडदे फाटले. त्या सालानंतर अर्धे पोरं राजूरच्या खाणीत लागले, अर्धे नागपूरले गेले. मंडळच मोडलं."

अश्वजितचे डोळे चमकले. "म्हणजे हे न झालेल्या नाटकाचं हँडबिल! आजी, मग तर हे फारच दुर्मीळ. नाटक झालं असतं तर याला एवढं मोल आलं नसतं."

बोलून झाल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी वाटलं. पण रुखमाबाई रागावल्या नव्हत्या. त्या अंगणाकडे पाहत होत्या.

"तुले कागद पाह्यजे, बाबू," त्या म्हणाल्या. "मले नाटक पाह्यजे होतं."

चहावर साय धरली. मग अश्वजितनं हळूच विचारलं, "त्यातलं काही आठवतं का, आजी?"

हँडबिलासोबत दोन ओळींची माहिती लिहून ठेवावी, एवढाच त्याचा विचार होता. रुखमाबाई गुडघ्यावर हात देऊन उठल्या. ओसरीच्या कडेला जाऊन उभ्या राहिल्या. पदर कमरेला खोचला. तोंडातून निघालेल्या आवाजात वऱ्हाडीचा मागमूस नव्हता.

"तलाठीसाहेब, अंगठा नाही उमटवणार मी. आज सही करणार!"

आणि त्या थांबल्या. अश्वजितकडे पाहत राहिल्या.

"पुढं?" त्यानं विचारलं.

"पुढं तलाठी बोलते. तू बोल."

"मी? आजी, मी कधी स्टेजवर गेलो नाही."

"मी बी कुठं गेली, बाप्पा? म्हण : 'बाईमाणसाची सही कोण मानणार?'"

त्यानं भिंग खाली ठेवलं आणि पुटपुटल्यासारखं वाक्य म्हटलं.

"मोठ्यानं. मागच्या लोकाइले ऐकू गेलं पाह्यजे."

मागे लोक नव्हते. अंगणात तुरी वाळत होत्या. अश्वजित उभा राहिला आणि त्यानं तेच वाक्य खड्या आवाजात म्हटलं. रुखमाबाईंनी त्याला ताडकन उत्तर दिलं. मग त्याचं पुढचं वाक्य त्या कुजबुजून सांगत आणि आपलं खणखणीत म्हणत. तलाठ्याचं, नवऱ्याचं, मास्तरचं, सगळ्यांचं त्यांना तोंडपाठ होतं. या कागदाचं दुर्मीळपण आपणच आता घालवतो आहोत, हे अश्वजितच्या मधेच ध्यानात आलं. तो थांबला नाही. आवाज आणखी चढवला.

प्रियंका पायरीवर बसून राहिली. लग्न होऊन ती या घरात आली, तेव्हापासून सासूचा आवाज तिनं कधी उंबऱ्याबाहेर गेलेला ऐकला नव्हता.

शेजारच्या कोकिळाबाई घाईघाईनं फाटक ढकलून आत आल्या.

"काय वं प्रियंका, कायचं भांडण चालू हाय घरात?"

प्रियंकानं ओठांवर बोट ठेवलं आणि सरकून त्यांना पायरीवर जागा करून दिली.

"हळू, काकू. बसा इथं. पयला अंक चालू हाय."