चौथं शोरूम

"बंद पडायच्या आधी सांगते का ही?" वहिनीने विचारलं.

सेल्समनने टाय सारखा केला. "म्हणजे, मॅडम?"

"म्हणजे पोटात काही बिघडलं तर बाहेर कळतं कसं?"

"समोर लाल दिवा लागतो. लगेच."

"अच्छा. चूक झाली की आपणहून कबूल करते तर." वहिनीने नव्या पिकअपच्या बॉनेटवर हात ठेवला. "चांगली सवय आहे. काय, भाऊजी?"

तिचा दीर टायरकडे बघत होता. घरात त्याला सगळे धाकटा म्हणत. पस्तिशी उलटली, कानशिलं पांढरी व्हायला लागली, तरी धाकटाच. अकरा वर्षं तो वहिनीची पिकअप चालवत होता. आणि नवी गाडी बघायला आलेलं हे चौथं शोरूम.

वहिनीचा धंदा मधमाश्यांचा. जिकडे फुलोरा तिकडे पेट्या न्यायच्या. अंधारून आलं, माश्या घरी परतल्या, की पेट्यांची दारं लावायची, पेट्या गाडीत चढवायच्या आणि ऊन तापायच्या आत नव्या जागी पोचून दारं उघडायची. मध्ये गाडी उन्हात उभी राहिली की खेळ खल्लास. मेण वितळतं, माश्या आतल्या आत गुदमरतात. चार महिन्यांपूर्वी तेच झालं. गाडीत चाळीस पेट्या होत्या. डाव्या कडेच्या आठ वाचल्या. बाकीच्या बत्तिसांतल्या मेलेल्या माश्या वहिनीने स्वतःच्या हाताने घमेल्यात काढल्या. फळीतून मध ठिबकत होता आणि त्याला मुंग्या लागल्या होत्या.

"चालता चालता बंद पडली," धाकट्याने सांगितलं होतं. "डिझेलच वर चढेना."

खोटं बोलायला गाडी फार सोयीची. तिला तोंड नसतं. मिस्त्रीनेही पंप खोलला, पुसला, होता तसा परत बसवला आणि ऐटीत म्हणाला, आता बघा कशी पळते. जे बिघडलंच नाही ते दुरुस्त करण्यात या लोकांचा हात कोणी धरणार नाही.

वहिनी त्या दिवशी ओरडली नाही. "भरवशाची गाडी बघायला हवी," एवढंच म्हणाली. मग दर महिन्याला ती धाकट्याला एका शोरूममध्ये नेऊ लागली. पहिल्या गाडीचा पत्रा पातळ निघाला. दुसरीचे सुटे भाग महिना महिना मिळत नाहीत म्हणे. तिसरी चढावर तापते. वहिनी सगळं खोदून खोदून विचारायची आणि शेवटी त्याच्याकडे वळायची. "तुमचं काय मत, भाऊजी? चालवायची तुम्हाला आहे."

"तुम्ही म्हणाल ती," तो म्हणायचा आणि घरी येऊन अर्धं जेवण ताटात टाकायचा.

आज मात्र बघणं नव्हतं, ठरवणं होतं. जुनी पिकअप शोरूमच्या दारासमोरच उभी होती, ती इथेच सोडून जायची. तेवढ्याने भागणार नव्हतं म्हणून घरामागच्या वीस पेट्याही विकायच्या होत्या. म्हणजे निम्मा धंदा. धाकट्याच्या एका खोट्यापायी.

जुन्या गाड्या घेणारा माणूस दात कोरत आला. जुन्या पिकअपभोवती त्याने एक फेरी मारली आणि मागच्या चाकाला लाथ घातली.

"रस्त्यात दगा देते ती हीच ना? भंगारात जाईल."

ती लाथ धाकट्याच्या पोटात बसली. कडाक्याच्या थंडीत अर्ध्या चावीवर सुरू होणारी गाडी. एकदा पुढच्या दिव्यांपर्यंत चढलेल्या पाण्यातून त्याला सुखरूप पलीकडे काढणारी गाडी. तिच्या सीटला त्याने स्वतः दाभणाने टाके घातले होते.

"पाय आवर," तो म्हणाला. "ती दगा देणारी नाही."

"अहो, तुमच्या मॅडमच तर म्हणाल्या."

"मॅडमना मी सांगितलं तसं!" त्याचा आवाज चिरकला. सेल्समनने पेन खाली ठेवलं. धाकटा वहिनीकडे वळला, पण नजर जमिनीवरच राहिली. "वहिनी, गाडी बंद पडली नव्हती. मला झोप अनावर झाली. दहा मिनिटं डोळा मिटतो म्हटलं, आणि एका झाडाखाली लावली. उठलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. सावली सरकून गेली होती. अकरा वर्षांत एकदाही बंद पडली नाही ती. पेट्या विकू नका. तिला देऊ नका. काढायचं तर मला काढा."

वहिनीने पर्समधून जुन्या गाडीची चावी काढली.

"डाव्या कडेच्या आठच पेट्या कशा वाचल्या, भाऊजी? त्यांच्यावर अजून सावली होती. बंद पडलेली गाडी झाड बघून थांबत नसते. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

धाकट्याने मान वर केली.

"आज गप्प बसला असतात," ती म्हणाली, "तर गाडी घरी नेली असती आणि तुम्हाला इथे सोडलं असतं. पुढच्या वेळी झोप आली तर मला फोन करा. शिव्या देऊन जागं ठेवीन."

तिने चावी त्याच्या तळहातावर ठेवली. तो चावीकडे बघत राहिला.

"मग चार महिने आपण गाड्या कशाला बघत होतो?"

"गाड्या तुम्ही बघत होतात, भाऊजी," वहिनी म्हणाली. "मी नाही."